गल्ल्यातले पैसे मुलाचेच

प्रश्न एका आईचा आहे. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. दोघांना गल्ले आणून दिले. मुलगी चार दिवस पैसे टाकते, मग विसरते. मुलगा तर हातात पैसे पडले की दुकानाकडे पळतो. दिवाळीला, वाढदिवसाला नातेवाईक जे देतात ते आई स्वतःच्या खात्यात भरून ठेवते. बचतीची सवय कोणत्या वयापासून लावावी, खाऊचे पैसे द्यावेत का, किती द्यावेत आणि खातं कुठे उघडावं, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, मी सव्वीस वर्षं पोस्टाच्या आरडीची, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायच्या ठेवीची, एजंट आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घरोघरी फिरून हप्ते गोळा करते. पै-पै साठवणारी घरं रोज पाहते, ज्यांच्या हातात पैसा टिकत नाही अशीही पाहते, आणि या घरांतली मुलं माझ्या डोळ्यांसमोर मिळवती झाली. वयाचं आणि खात्याचं पुढे सांगते. त्याआधी तुमच्याच प्रश्नातलं एक वाक्य धरते, कारण माझ्या मते गाडी तिथेच अडली आहे.

‘नातेवाईक देतात ते मी माझ्या खात्यात भरते.’

हे आपल्याकडे घरोघरी चालतं. पाव्हणे निघाले की दारात मुलाच्या हातावर पन्नासाची, शंभराची नोट ठेवतात. आपण ‘अहो कशाला, राहू दे’ म्हणतो, ते ठेवतातच. पाव्हण्यांची गाडी कोपऱ्यावरून वळली की आपण हात पुढे करतो, ‘दे, मी नीट ठेवते.’ मूल देतं. ती नोट परत त्याच्या नजरेला पडत नाही. कुठे ती भाजीत जाते, कुठे दुधाच्या बिलात, आणि तुमच्यासारखी काळजी करणारी आई असेल तर बँकेत. पण मुलाच्या लेखी या तिन्हींत काही फरक नाही. त्याला एवढंच दिसतं की ठेवायला दिलेले पैसे जातात आणि खाल्लेलं चॉकलेट तेवढं आपलं होतं. तुमचा मुलगा दुकानाकडे पळतो तो उधळा आहे म्हणून नव्हे. त्याने जे पाहिलंय त्यावरून त्याचा हिशोब बरोबर आहे.

मुलांच्या धीराबद्दल अमेरिकेतल्या एका प्रयोगाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. स्टॅनफर्ड विद्यापीठात वॉल्टर मिशेल यांनी १९७० च्या सुमारास केलेला. मुलासमोर मार्शमॅलो नावाचा एक गोड पदार्थ ठेवायचा आणि सांगायचं, मी येईपर्यंत खाल्ला नाहीस तर आणखी एक मिळेल. काही मुलं थांबतात, काही खाऊन टाकतात. पालकांच्या सभेत ही गोष्ट नेहमी सांगतात आणि ऐकणारे आपापल्या मुलाला मनातल्या मनात ‘अधीर’ ठरवून घरी जातात. पण त्याच देशात रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला पुढचा प्रयोग फारसा कोणी सांगत नाही. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. तीन ते पाच वर्षांची २८ मुलं घेतली. खाऊ पुढे ठेवण्याआधी प्रत्येकाला सांगितलं, थांब, तुला चित्र काढायला याहून छान सामान आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना सांगितलं, अगं, माझी चूक झाली, नाहीये ते आपल्याकडे. मग खाऊची परीक्षा घेतली. ज्यांच्याशी शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांच्याशी मोडला होता ती तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबलेली पहिल्या गटात चौदांपैकी नऊ होती, दुसऱ्या गटात एकच. मुलं तशीच, खाऊ तोच. समोरचं मोठं माणूस शब्दाला पक्कं आहे की नाही, एवढाच काय तो फरक.

हे वाचलं तेव्हा मला माझं घर आठवलं. २००१ साल असेल. माझा मुलगा आठ वर्षांचा, जत्रेतून आणलेल्या मातीच्या गल्ल्यात बॅटसाठी पैसे साठवत होता. श्रावणात सिलिंडर आला आणि घरात पैसे कमी पडले. तो शाळेत होता. मी गल्ला उलटा धरला, फटीत स्टीलची पट्टी घातली आणि नाणी एकेक करून घसरवत काढली. एकशे चाळीस रुपये निघाले. पगार झाला की टाकू परत, असं मनाशी म्हणाले आणि विसरले. दोन-तीन दिवसांनी त्याने गल्ला उचलला. कानाशी नेऊन हलवला. पुन्हा हलवला. माझ्याकडे बघितलं आणि काही न बोलता जागेवर ठेवला. मीही काही बोलले नाही, ही माझी खरी चूक. दिवाळीपर्यंत त्याने त्यात एक रुपया टाकला नव्हता. मी विचारलं, तर म्हणाला, ‘तुला लागतील तेव्हा तू घेशीलच की.’

दिवसभर मी लोकांना बचतीचं महत्त्व सांगत फिरत होते आणि माझ्याच घरात माझ्या मुलाने ती सोडली होती. त्याच रात्री मी एकशे चाळीस रुपये त्याच्यासमोर मोजून ठेवले, घेतले होते असं सरळ कबूल केलं. तरी त्याचा विश्वास बसायला वर्ष गेलं.

म्हणून माझं पहिलं सांगणं हेच आहे. आजवर मुलांना मिळालेल्या पैशांचा आठवून आकडा काढा. अंदाजे चालेल, पण कमी धरू नका. दोघांना समोर बसवा आणि सांगा, ‘हे तुमचे इतके माझ्याकडे आहेत.’ एका वहीत दोघांच्या नावाचं एकेक पान करा. तारीख, कोणी दिले, जमा, खर्च, शिल्लक. मुलगी नऊ वर्षांची आहे, तिला स्वतः लिहू द्या. धाकट्याचं तुम्ही लिहा, पण आकडा त्याच्याकडून वाचून घ्या. पुढे कधी घरात अडचण आली आणि मुलांचे पैसे घ्यावे लागले, तर त्यात कमीपणा नाही. पण आधी विचारायचं, आणि चिठ्ठी लिहायची: ‘आईने दोनशे रुपये उसने घेतले, दहा तारखेला परत देणार’, खाली सही. चिठ्ठी गल्ल्यात टाकायची. दहा तारीख म्हणजे दहाच, अकरा नाही. आणि मूल ‘नको’ म्हणालं तर ते नको मानायचं. ‘नको’ म्हणायची सोय नसेल तर त्या विचारण्याला अर्थ राहत नाही.

आता वय. चार-साडेचार वर्षांचं मूल नाणी ओळखायला लागलं की सुरुवात झाली, पण त्या वयात बचत नाही, फक्त ओळख. पाचाची दोन नाणी म्हणजे दहाचं एक, हे कळायला वेळ लागतो. पाच वर्षांच्या मुलाला विचारा, दहाचं एक नाणं हवं की एकेकची चार? बरीच मुलं चार घेतात. हे कळेपर्यंत गल्ल्याची घाई नको.

इथे हल्ली एक मोठी अडचण झाली आहे. मुलांना पैसाच दिसत नाही. आई दुकानात जाते, मोबाइल त्या चौकोनावर धरते, डबीतून आवाज येतो, ‘अस्सी रुपये प्राप्त हुए’, आणि पिशवी भरते. माझ्या एका ग्राहक बाईंच्या नातवाला त्या म्हणाल्या, आज पैसे नाहीत रे. तो म्हणाला, ‘मग स्कॅन कर ना.’ त्याचं काय चुकलं? मोबाइलमधले पैसे संपतात हे त्याने कधी पाहिलंच नाही. म्हणून मूल आठ-नऊ वर्षांचं होईपर्यंत त्याला घेऊन बाजारात जाताना रोख न्या. पर्समधून नोट निघाली, सुटे परत आले, पर्समध्ये आता एवढेच उरले, हे त्याला दिसू द्या. कोथिंबिरीची जुडी त्याच्या हाताने घ्या, उरलेले पैसे त्याला मोजून आणू द्या. एखादा रुपया कमी आला तर परत पाठवा. लाज वाटेल त्याला पहिल्यांदा, पण तेवढं शिकणं लागतं.

खाऊचे पैसे द्यावेत. माझ्यापुरता याबद्दल वाद नाही. हातात पैसेच नसतील तर मूल साठवणार काय? सहा वर्षांच्याला आठवड्याला वीस, नऊ वर्षांच्या मुलीला चाळीस-पन्नास, एवढं आमच्या गावाला पुरतं. पुण्या-मुंबईत थोडं जास्त लागेल. रकमेपेक्षा वार महत्त्वाचा. रविवार ठरला तर रविवारीच, त्यांनी मागायच्या आधी. ते विसरतात की नाही हे बघत बसू नका. मार्कांवर हे पैसे बांधू नका. पाहुण्यांपुढे हट्ट केला म्हणून कापू नका. ताट उचललं, अंथरूण काढलं याचे पैसे देऊ नका, ते घरातलं काम आहे. एखादं जास्तीचं, खरोखर कष्टाचं काम असेल, माळा साफ करणं वगैरे, तर त्याचे वेगळे द्यायला हरकत नाही. आणि उचल देऊ नका. आमच्या भागात उचल घेऊन ऊसतोडीला येणारी माणसं आम्ही दरवर्षी बघतो. आधी खर्च आणि मग फेड, याची सवय किती वाईट ते मुलाला नंतर कधी समजावता येईल, आज फक्त ‘रविवारी मिळतील’ एवढं म्हणा.

मुलगी चार दिवसांनी विसरते, असं तुम्ही लिहिलं आहे. ती कशासाठी साठवते आहे, हे त्यात नाही. बहुतेक घरांत मूल विचारतं, कशाला टाकायचे पैसे, तर आपण सांगतो, पुढे उपयोगी पडतील. नऊ वर्षांच्या मुलीला ‘पुढे’ म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी. सहा वर्षांच्याला ‘पुढे’ म्हणजे शनिवार. त्याच्यासाठी तीन-चार आठवड्यांत पुरी होईल अशी वस्तू निवडा, साठ-सत्तर रुपयांची. तिच्यासाठी तीन महिन्यांची. वस्तू तिने निवडायची. तुम्हाला शब्दकोश हवासा वाटेल आणि तिला चकाकणाऱ्या बांगड्या हव्या असतील, तर बांगड्याच. पहिल्या वेळी हवं ते मिळालं पाहिजे, नाहीतर दुसरी वेळ येत नाही.

लहान मुलाला मातीचा गल्ला नको, असंही माझं मत झालं आहे. दिसायला छान असतो, पण आत किती आहेत ते कळत नाही. लोणच्याची रिकामी काचेची किंवा प्लॅस्टिकची बरणी धुऊन द्या, वस्तूचं चित्र बाहेरून चिकटवा. नाणी वर चढताना दिसतात. खर्चाचे पैसे वेगळ्या डबीत. सहा वर्षांच्याला दोनच भांडी पुरतात, जास्त डबे केले की तो डबे मोजत बसतो. दान करायचं तर वेगळा डबा लागत नाही. दिंडी दारावरून जाते, त्यांना केळी द्यायची असतात, तेव्हा ‘तुझ्यातले देणार का’ म्हणून विचारा, दिले तर दिले.

मागच्या वर्षीची एक मुलगी सांगते, तुमच्या मुलीएवढीच. वडील द्राक्षाच्या बागेत कामाला. तिला कंपासपेटी हवी होती, दुहेरी झाकणाची, एकशे ऐंशीची. मी हप्ता घ्यायला गेले तेव्हा ती ओसरीवर पेपर पसरून बरणी रिकामी करत होती. पाचाची नाणी वेगळी, दहाची वेगळी, दोनची एका रांगेत. दहाच्या नाण्यांचे पाच-पाचचे ढीग केले, प्रत्येक ढिगावर बोट ठेवून पन्नास, शंभर, असं मोजत गेली. एकशे बहात्तर भरले. आठ कमी. आजी म्हणाली, देते मी. मुलगी म्हणाली, ‘नको, रविवारी होतील.’ आणि नाणी परत बरणीत भरली, एकेक, आवाज ऐकत. आजीला वाईट वाटलं. मी आजींना डोळ्याने खुणावलं, राहू द्या. ते आठ रुपये तिच्या हातून काढून घेतले असते तर बाकीच्या एकशे बहात्तरांची गंमत गेली असती.

पैसे वाया घालवतील, तेही घालवू द्या. मुलगा चार आठवडे साठवून भुंगा गाडी आणेल, दुसऱ्या दिवशी तिचं चाक निघेल, रडेल. तेव्हा नवी आणू नका आणि ‘सांगितलं होतं ना’ असंही म्हणू नका. ऐंशी रुपयांचं शिक्षण ते, सहाव्या वर्षी स्वस्तात पडतं.

बक्षिसाबद्दल मात्र मी माझं मत बदललं आहे. पूर्वी मी आयांना सांगायचे, महिनाअखेर गल्ल्यात जेवढे असतील त्यावर दहाला एक रुपया व्याज द्या. मुलं खूश व्हायची. नंतर माझ्या लक्षात आलं की महिन्याला दहा टक्के वाढतात हे मुलांच्या डोक्यात पक्कं बसतंय. अशी दामदुप्पट देतो म्हणणाऱ्यांनी आमच्या भागात किती संसार बुडवले ते मी पाहिलेलं आहे. बुडालेले लोक अडाणी नव्हते. पैसा इतक्या वेगाने वाढू शकतो, असं त्यांना खरंच वाटत होतं. म्हणून आता सांगते, मोठ्या वस्तूसाठी साठवत असतील तर ‘तू तीनशे साठव, शंभर मी घालीन’ असं म्हणा. याला मदत म्हणा, व्याज म्हणू नका. व्याज काय असतं ते पासबुकातूनच कळू दे. पोस्टाच्या बचत खात्यावर सध्या ४ टक्के व्याज आहे, म्हणजे पाचशे रुपये वर्षभर ठेवले तर वीस रुपये. मूल म्हणेल, ‘एवढेच?’ म्हणा, हो, एवढेच, आणि तेही काही न करता.

खात्याचं आता. दहा वर्षांच्या आतल्या मुलाचं खातं पालकांनी चालवायचं असतं. दहा पूर्ण झाल्यावर पोस्टात मूल स्वतःच्या सहीने खातं उघडू आणि चालवू शकतं, त्याला किमान ५०० रुपये लागतात. बँकांनाही रिझर्व्ह बँकेने अशी मुभा दिलेली आहे. २०१४ पासून ती आहे, एप्रिल २०२५ मध्ये नव्याने सूचना काढल्या. किती रकमेपर्यंत आणि एटीएम कार्ड द्यायचं की नाही, हे प्रत्येक बँक आपापलं ठरवते. कार्ड देत असले तरी घेऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं स्लिप भरूनच पैसे भरायचे आणि काढायचे. गावातल्या पतसंस्थेत मुलाच्या नावे पिग्मी, म्हणजे रोज थोडे थोडे पैसे भरायची ठेव, लावू का, असंही मला बरेच जण विचारतात. बँकेतल्या ठेवीला, मग ती सहकारी बँक असली तरी, पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण असतं. पतसंस्थेतल्या ठेवीला ते नसतं. मुलांचे पैसे तिथे नकोत.

सुकन्या समृद्धी ही मुलींसाठीची सरकारी बचत योजना, हे वेगळं प्रकरण आहे, पण तुमची मुलगी नऊची असल्याने घाईने सांगते. दहा वर्षं पूर्ण व्हायच्या आतच ते खातं उघडता येतं. वर्षाला कमीत कमी २५० आणि जास्तीत जास्त दीड लाख, १५ वर्षं भरायचे, खातं २१ वर्षांनी पूर्ण होतं. सध्या व्याज ८.२ टक्के. उघडायचं असेल तर तिच्या वाढदिवसाआधी पोस्टात जाऊन या. मात्र ती तुमची बचत आहे, तिची नव्हे. तिच्या गल्ल्यातले पैसे त्यात भरू नका. एकवीस वर्षं हा आकडा ऐकून नऊ वर्षांची मुलगी काय समजणार? तिच्या दृष्टीने तेही गेलेलेच पैसे.

तिच्या वयाला शोभते ती आरडी, दहाव्या वर्षानंतर. महिन्याला शंभरापासून सुरू होते, पाच वर्षांची मुदत. सध्याच्या ६.७ टक्के दराने पाच वर्षांत सहा हजार भरले तर सात हजार एकशे छत्तीसच्या आसपास हातात येतात. पाचवीत उघडली तर दहावीच्या सुमाराला पैसे येतात, सायकल म्हणा, क्लासची फी म्हणा. हप्ता चुकला तर शंभराला एक रुपया दंड असतो, तो तिच्याच पैशांतून भरा. या पाच वर्षांत दोनदा-तीनदा ती कंटाळेल. तेव्हा गुपचूप तुम्ही हप्ता भरू नका, तिला सांगून भरा आणि वहीत उसने म्हणून लिहा.

पूर्वी बऱ्याच शाळांत संचयिका असायची, मुलांची शाळेतली बँक. त्यात मला सगळ्यात काय आवडायचं, तर पैसे घेणारी, पासबुकात लिहिणारी मुलंच असायची, बाई फक्त शेवटी तपासायच्या. सातवीतली मुलगी चौथीतल्या मुलाची दोन रुपयांची नोंद करताना काय गंभीर चेहरा करायची! आता ते फारसं दिसत नाही, म्हणून घरातली वही तरी मुलांच्या हातात द्या.

आणखी एक काम आतापासून करून घ्या. मुलीची सही. दहाव्या वर्षी खातं स्वतः चालवायचं तर सही दरवेळी सारखी यावी लागते. मुलं आज वेलांटी एक काढतात, उद्या दुसरी, आणि पैसे काढायला गेल्यावर कारकून नमुन्याच्या सहीशी ताडून स्लिप परत करतो. रोज वहीत नोंद केली की खाली सही करू द्या, वर्षभरात हात बसेल. जन्मदाखला, आधार कार्ड, दोन फोटो तयार ठेवा. ज्या दिवशी खातं उघडाल त्या दिवशी बरणीतले पैसे तिनेच मोजून न्यायचे, फॉर्मवर नाव तिनेच लिहायचं. आमच्या पोस्टाची खिडकी उंच आहे, दहा वर्षांच्या मुलांना टाचा वर कराव्या लागतात. तुमच्याकडेही तशीच असेल तर मागे उभ्या राहा, पण पासबुक तिच्याच हातात राहू द्या.